स्वभाव आणि शिदोरी

फँटसी रोलप्लेइंग गेम खेळायला बसलेल्या प्रत्येकापुढे एक कागद असतो, कॅरेक्टर शीट. त्यावर दोन तऱ्हेच्या नोंदी असतात. एकीकडे मोजता येण्याजोगं सगळं: हिट पॉइंट किती उरले, मंत्र किती शिल्लक, बाण किती, मशाली किती, कमरेला सोनं किती. दुसरीकडे पात्राचा स्वभाव: तापट, कनवाळू, लोभी, देवभोळा, दिल्या शब्दाला जागणारा. पहिल्या बाजूवर डावभर पेन्सिल आणि खोडरबर चालू असतं. दुसरी बाजू बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी हौसेनं भरली जाते आणि पुढे तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

१९७४ पासून आजपर्यंत या खेळात झालेले सगळ्यात मोलाचे प्रयोग या दोन बाजूंमधली भिंत पाडण्याचे आहेत. त्यांचा आढावा घेताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा पटत गेली. पात्राच्या स्वभावाची झळ त्याच्या शिदोरीला लागली, तरच तो स्वभाव टेबलावर उतरतो. त्यातही स्वभावापोटी बक्षीस वाटणाऱ्या नियमांपेक्षा त्याची किंमत वसूल करणारे नियम मला अधिक भरीव वाटतात.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक गेम मास्टर होतो. जग, त्यातली माणसं, राक्षस, हवामान, अफवा, सगळं त्याच्या तोंडून येतं. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि "मी दार ढकलतो", "मी पहारेकऱ्याशी खोटं बोलते" असं सांगत जातात. काय होईल याची खात्री नसेल तिथे फासे पडतात. जिंकणं-हरणं नसतं आणि एकच कथा महिनोन्महिने चालू राहते. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेतली मुलं तळघरात बसून जो खेळतात तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या घराण्याचा मूळपुरुष.

तो जन्मला अमेरिकेतल्या युद्धखेळांच्या पोटी. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावचा गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याआधी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम १९७१ मध्ये आले होते. त्यात साध्या शिपायाला एक घाव बसला की तो संपला. आर्नेसनच्या 'ब्लॅकमूर' या मोहिमेत मात्र खेळाडू आपापल्या एकेका पात्रात गुंतले होते आणि एका फाशात ते गमवायला तयार नव्हते. आर्नेसननं पुढे सांगितल्याप्रमाणे त्यानं आरमारी युद्धखेळातला हिशेब उचलला. पोलादी जहाज जसं एका गोळ्यानं बुडत नाही, बरेच तडाखे खातं, तसंच माणसाचं केलं. हिट पॉइंट तिथून आले. म्हणजे या खेळातलं पहिलं मोजमाप माणसाच्या शरीराचं नव्हतंच, जहाजाचं होतं. हिट पॉइंट म्हणजे नेमकं रक्त, दम की नशीब, हा वाद अजून मिटलेला नाही. खुद्द गायगॅक्सनं नंतर लिहिलं की त्यात कौशल्य, दैव आणि निसटण्याची हातोटी हे सारं धरलेलं आहे.

तीन फाशांच्या बेरजेतून ठरणारे सहा आकडे पात्राची घडण सांगत: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप पाडण्याची शक्ती. माणूस काय करू शकतो हे त्यातून कळायचं, काय करील हे नाही. त्यासाठी होती अलाइनमेंट: लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस. व्यवस्था आणि अंदाधुंदी यांच्यातल्या वैश्विक झगड्याची ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आली होती. पात्र कुठल्या बाजूचं आहे एवढं ती सांगायची. ते कसं आहे हे सांगायला तीन शब्द कसे पुरणार?

साठ्याची बाजू मात्र पहिल्याच फटक्यात विलक्षण जमली होती. भुयारात वेळ दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मोजायचा. मशाल सहा फेऱ्या जळणार. वेळ जाईल तसतसा गेम मास्टर भटक्या राक्षसांसाठी फासा टाकत राहणार. सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक अनुभवगुण, आणि अनुभव वाढला तरच पात्र वरच्या पायरीला चढणार. पण नाण्यांना वजन होतं. सोनं जेवढं उचलाल तेवढी चाल मंदावणार, चाल मंदावली की मशाली जास्त जळणार, आणि वेळ लागला की वाटेत काहीतरी भेटणार. कागदावर कुणीही 'लोभी' असं लिहिलेलं नसायचं. तरी शेवटच्या मशालीच्या उजेडात आणखी एक पेटारा उघडायचा की परत फिरायचं, या निर्णयात लोभ आणि भीती आपोआप दिसायची. पन्नास वर्षांनंतरही हा नियमांचा गोफ मला थक्क करतो.

जादूचा हिशेब जॅक व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० च्या पुस्तकावरून घेतला. मांत्रिकानं सकाळी मंत्र डोक्यात साठवायचे, आणि एक म्हटला की तो त्या दिवसापुरता पुसला जाणार. हे अनेकांना रुचलं नाही. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेनं १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला, त्यात मंत्र म्हटला की मांत्रिकाची ताकदच कमी व्हायची. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्येही जादू पात्राच्या अंगच्या शक्तीतून खर्ची पडू लागली. मंत्र हे बाहेरून भरलेलं गाठोडं न राहता शरीराशी जोडले गेले. स्वभाव अजून दूरच होता.

स्वभाव आणि साठा यांची पहिली गाठ गायगॅक्सनंच मारली, पण ती आज फारशी कुणाला आठवत नाही. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये असा नियम आहे: पात्र आपल्या पेशाला साजेसं वागलं का, याला डंजन मास्टरनं (या खेळात गेम मास्टरला हेच नाव आहे) प्रत्येक साहसानंतर श्रेणी द्यायची. लढवय्यानं माघारच घेतली, चोरानं पुढे घुसून तलवार चालवली, धर्मोपदेशकानं साथीदारांना मदत नाकारली, तर श्रेणी घसरणार. या श्रेण्यांच्या सरासरीवरून वरच्या पायरीचं प्रशिक्षण किती आठवडे लागेल ते ठरणार, आणि प्रत्येक आठवड्याला पायरीमागे १,५०० सोन्याची नाणी मोजावी लागणार. अलाइनमेंट बदलली तर कमावलेली एक पायरीच जायची. म्हणजे वागणुकीची किंमत होती, आणि ती भारी होती. पण ती पेशाची होती, माणसाची नव्हती. शिवाय शिक्षकानं विद्यार्थ्याला गुण द्यावेत तसं ते सगळं एका माणसाच्या मर्जीवर होतं. बहुतेक टेबलांनी हा नियम सोडून दिला यात नवल नाही.

खरी उडी १९८५ ची. ग्रेग स्टॅफर्डनं 'पेनड्रॅगन' लिहिला. राजा आर्थरच्या नाईट लोकांचा हा खेळ. माझ्या मते या प्रश्नावरचं सर्वांत मूलगामी काम अजूनही हेच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

'पेनड्रॅगन'मध्ये स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत. दयाळू-क्रूर, विनम्र-गर्विष्ठ, शूर-भित्रा, सत्यवचनी-लबाड, उद्यमी-आळशी, क्षमाशील-सूडखोर, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया चार असेल तर क्रौर्य सोळा. कसोटीच्या क्षणी वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि आकडा गुणाइतका किंवा त्याखाली पडला तर पात्र त्या गुणाप्रमाणे वागतं. समजा, बापाचा मारेकरी गुडघे टेकून शरण आला आहे, तलवार त्यानं बाजूला ठेवली आहे. खेळाडूच्या मनात त्याला सोडायचं आहे. पण त्याच्या नाईटचं क्रौर्य सोळा आहे. इतक्या वर गेलेला गुण सगळ्या दरबाराला ठाऊक असतो आणि तो डावलता येत नाही. आधी दयेचा फासा पडतो: अकरा. चाराच्या वर, म्हणजे दया हरली. मग क्रौर्याचा: नऊ. तलवार चालते. निःशस्त्र नाईटवर वार केल्यामुळे अब्रूचा आकडा उतरतो. क्रौर्यासमोर एक खूण होते. हिवाळा आला की त्या खुणेसाठी पुन्हा फासा, आणि तो सोळाच्या वर पडला तर क्रौर्य सतरा, दया तीन.

या खेळात साधारण वर्षाला एक साहस आणि मग हिवाळा. हिवाळ्यात वय वाढतं, जमिनीचं उत्पन्न मोजलं जातं, घोडे मरतात, मुलं जन्मतात आणि त्यांतली काही जगत नाहीत. त्याच हिशेबात सोळा किंवा त्याहून वरचा प्रत्येक गुण दर वर्षी तेवढी कीर्ती देतो. हजार कीर्तीमागे पात्राला एक आकडा वाढवता येतो. म्हणजे क्रौर्यही कीर्ती आणतं, आणि जगात तसंच होतं हे स्टॅफर्डला माहीत होतं. दुसऱ्या बाजूला शूर, न्यायी, दयाळू, उदार, विनम्र, उद्यमी या सहा गुणांची बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की नाईटच्या अंगावर न दिसणारं चिलखत चढतं. याशिवाय निष्ठा, प्रेम, द्वेष असे आवेग आहेत. युद्धाच्या ऐन क्षणी त्यांना साद घालता येते. साद लागली तर तलवारीला मोठा जोर येतो, फसली तर मन खचतं, आणि फारच फसली तर नाईट वेडा होऊन रानोमाळ भटकतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, माझं पात्र कसं वागेल हे फासा का ठरवणार? आक्षेप खरा आहे आणि पहिल्या डावात तो बोचतोही. पण दोन्ही फासे हुकले तर निर्णय खेळाडूचाच असतो, आणि कुठल्या गुणाला वर्षानुवर्षं खतपाणी घालायचं हेही त्याच्याच हातात असतं. सोळापर्यंत गेलेलं क्रौर्य एका रात्रीत आलेलं नसतं. माणूस स्वतःच्या सवयींपुढे हतबल होतो, हा अनुभव मला दुसऱ्या कुठल्याही खेळाच्या नियमांत इतका स्वच्छ दिसलेला नाही. स्टॅफर्ड २०१८ मध्ये गेला. पेनड्रॅगनला तो आपलं सर्वोत्तम काम मानायचा.

त्याच सुमारास दुसरी एक वाट मळली. १९८१ चा 'चॅम्पियन्स' आणि १९८६ चा स्टीव्ह जॅक्सनचा 'गर्प्स' यांत पात्र ठरावीक गुणांच्या रकमेतून घडवायचं. त्यात दुर्गुण घेतला की जास्तीची रक्कम हाती. लोभ घ्या, हट्टीपणा घ्या, सत्य बोलण्याचं व्रत घ्या, आणि त्या पैशातून तलवारबाजी विकत घ्या. कल्पना आकर्षक होती, पण रक्कम पहिल्याच दिवशी मिळायची. एकदा ती खर्च झाली की लोभ आठवण्यात खेळाडूचा काहीच फायदा नव्हता. मग दर वेळी गेम मास्टरनं आठवण करून द्यायची आणि खेळाडूनं पळवाट काढायची, अशी ओढाताण सुरू व्हायची. वर्णनात ठासून स्वभाव आणि खेळताना रिकामी जागा, असा अनुभव कित्येकांनी घेतला असेल.

या चुकीतून पुढची पिढी शिकली. साधारण २००० ते २०१० या काळात अमेरिकेतल्या स्वतंत्र लेखकांनी हिशेब उलटा केला: दुर्गुणाचे पैसे आधी देऊ नका, तो नडेल तेव्हा द्या. २००३ साली रॉब डोनह्यू आणि फ्रेड हिक्स यांनी काढलेला 'फेट' यातला सर्वांत लोकप्रिय. त्यात पात्राचा स्वभाव आस्पेक्ट नावाच्या छोट्या वाक्यांत लिहितात, समजा "सुंदर गोष्ट दिसली की हात थांबत नाही". हे वाक्य उपयोगी पडत असेल तर एक फेट पॉइंट खर्चून फाशात दोनची भर घालायची. ते नडत असेल तर गेम मास्टर एक पॉइंट पुढे सरकवतो: घे, आणि हात मार त्या मूर्तीवर. नको असेल तर पदरचा पॉइंट देऊन सुटका करून घ्यायची. स्वभाव आणि साठा इथे शब्दशः एक झाले.

तरीही फेटबद्दल माझ्या मनात एक अढी आहे. तिथे सगळ्या स्वभावांना एकच दर आहे. दिलेला शब्द मोडण्याचं दुःख आणि गोड खाण्याची हाव, दोन्हींना एक पॉइंट. काही डावांनंतर खेळाडू पॉइंट संपत आले की मुद्दाम अडचणीत जातो, मग ऐन लढाईसाठी साठा करतो, आणि स्वभाव हा कमाईचा धंदा होतो. २००४ च्या 'द शॅडो ऑफ यस्टरडे'मध्ये क्लिंटन निक्सननं यावर एक देखणा तोडगा काढला होता. तिथे प्रत्येक ओढीला 'की' (किल्ली) म्हणतात. तिच्याप्रमाणे वागलं की थोडा थोडा अनुभव मिळतो, पण ती ओढ कायमची झुगारून दिली की एकदम दहा गुण मिळतात, आणि ती पुन्हा घेता येत नाही. सूड घेण्यासाठीच जगणाऱ्या पात्रासमोर शत्रू पडलेला असताना खेळाडू या दहा गुणांकडे पाहतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरा पेच दिसतो. बदलालाही मोल देणारा असा नियम मला फार कमी ठिकाणी आढळला.

ल्यूक क्रेनचा 'बर्निंग व्हील' २००२ चा. त्यात पात्राच्या श्रद्धा लिहायच्या, आणि त्यांच्यामागे धावलं किंवा त्या मोडताना आतून फाटलं, तरच मोठ्या संकटात वापरायचे गुण मिळायचे. त्या गुणांना क्रेननं नाव दिलं आहे आर्था. कथेचा एक टप्पा संपला की टेबलावरचे सगळे मतदान करतात: या पात्राला कुठला नवा स्वभावगुण लागू झाला, कुठला आता उरला नाही. आपण स्वतःला काय समजतो यापेक्षा चार माणसांनी आपल्याला कसं पाहिलं हे इथे निर्णायक ठरतं. नियम अवजड आहेत, पण हे मतदान मी कुठल्याही खेळात उचलून घ्यायला सांगेन.

याच क्रेननं थॉर ओलाव्हसरूडबरोबर २०१३ मध्ये 'टॉर्चबेअरर' केला, आणि तिथे १९७४ चं भुयार आणि नव्या पिढीचा स्वभाव एकत्र आले. दर चौथ्या फेरीला पात्राची अवस्था एक पायरी खाली सरकते. सुरुवात भूक-तहानेनं होते आणि शेवट मृत्यूनं. मशाल दोन फेऱ्यांत विझते. अंगावर किती सामान मावतं हे कागदावरच्या चौकोनांनी ठरतं, म्हणून दोरखंड घ्यायचा की आणखी एक दिवसाचा शिधा, यावर खरीखुरी भांडणं होतात. या भुयारात मुक्काम टाकून जखम बांधायची, थकवा घालवायचा, नकाशा काढायचा तर त्या प्रत्येक कामासाठी चेक लागतो. आणि चेक मिळवायचा मुख्य मार्ग एकच: स्वतःचा स्वभावगुण स्वतःच्या विरुद्ध वापरणं.

हे जवळून पाहण्यासारखं आहे. एकीच्या पात्राचा गुण आहे कुतूहल. दाराआड पहारेकरी आहेत आणि तिनं त्यांची चाहूल घ्यायची आहे. तिच्याजवळ चार फासे आहेत. ती म्हणते, "माझं अर्धं लक्ष चौकटीवरच्या नक्षीकडे आहे," आणि एक फासा बाजूला ठेवते. तिला एक चेक मिळतो. आता तीन फाशांवर काम भागलं नाही तर पहारेकरी सगळ्यांच्या अंगावर येणार, आणि भागलं तर रात्री त्याच चेकवर जखमी सोबत्याला उपचार मिळणार. कुणाचाच स्वभाव त्याच्या आड आला नाही तर चेक नाहीत, चेक नाहीत तर मुक्काम नाही, मुक्काम नाही तर चौथ्या फेरीचा फेरा थांबत नाही. माणसं आपापल्या खोडींसकट वागतात म्हणूनच टोळी तगते, हे इतक्या कठोर गणितात बसवणं सोपं नाही. खेळ मात्र निर्दयी आहे, आणि नवख्यांना त्याचा पहिला डाव घामाघूम करतो.

जॉन हार्परच्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये (२०१७) प्रवाह उलट्या दिशेनं वाहतो. डॉस्कव्होल हे सूर्य हरपलेलं, भुतांनी वेढलेलं, विजेच्या कुंपणाआड जगणारं शहर, आणि खेळाडू म्हणजे तिथली चोरांची टोळी. प्रत्येकाजवळ ताणाचे नऊ चौकोन. जादा जोर लावायचा तर दोन चौकोन भरा. वाईट परिणाम टाळायचा तर फासा सांगेल तितके भरा. नववा भरला की पात्र त्या कामातून बाद होतं आणि परतताना कायमचा एक व्रण घेऊन येतं: थंडपणा, संशय, बेदरकारी, क्रौर्य, हळवेपणा अशा आठांतला एक. चौथा व्रण आला की त्या पात्राची कारकीर्द संपली. ताण उतरवायचा मार्ग म्हणजे व्यसन, मग ते जुगाराचं असो, देवाचं असो की घरच्या जबाबदारीचं. व्यसनाकडे पाठ फिरवली तर जुने व्रण नवा ताण देतात, आणि गरजेपेक्षा जास्त आहारी गेलं तर नवी भानगड उभी राहते. इथे स्वभाव पहिल्या दिवशी लिहीत नाहीत. साठा संपतो त्या जागी तो उगवतो. गेल्या पंधरा वर्षांतल्या खेळांपैकी मला एकच निवडायचा झाला तर मी हा निवडीन.

टोल्किनच्या मध्य-पृथ्वीवरचा 'द वन रिंग' (२०११, फ्रान्चेस्को नेपितेल्लो) याच जातीचा, पण अधिक सौम्य. त्यात आशा खर्च होते आणि छाया साठत जाते. छायेनं आशेला गाठलं की पात्र खिन्न होतं. पुढे ते ढळतं, पण कसंही नाही, आपल्या पेशाच्या वाटेनं: खजिना शोधणाऱ्याला ड्रॅगनची हाव लागते, सेनानायकाला सत्तेचा मोह. टोल्किनच्या बोरोमिरची शोकांतिका ज्यांनी वाचली आहे त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

जपानी 'तेन्रा बान्शो झीरो'चा उल्लेख मराठी वाचकासाठी मुद्दाम करतो. जुन्इची इनोउएचा हा खेळ. त्यात पात्राचे लागेबांधे लिहिलेले असतात, आणि कुणी ते मनापासून वठवले की बाकीचे लगेच त्याला चिठ्ठ्या देतात. त्या चिठ्ठ्यांतून अफाट बळ मिळतं. पण बळ वापरलं की कर्म वाढतं, आणि कर्म १०८ च्या पुढे गेलं की पात्र असुर होऊन खेळाडूच्या हातून निसटतं. ते टाळायचं तर स्वतःचे लागेबांधे सैल करावे लागतात. बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेला हा शब्दसंग्रह आपल्याला घरचाच आहे, आणि आसक्तीतून शक्ती, शक्तीतून बंधन हा हिशेबही ओळखीचा वाटतो.

मग मूळपुरुषाचं काय झालं? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं कॅरेक्टर शीटवर चार चौकटी दिल्या: व्यक्तिविशेष, आदर्श, बंध, उणीव. त्यांना साजेसं वागलं तर डंजन मास्टर इन्स्पिरेशन देणार, ते वापरलं की दोन फासे टाकून चांगला ठेवायचा. एका वेळी एकच, साठवता येत नाही, आणि देणारा एकच माणूस, ज्याच्या डोक्यावर आधीच दहा कामं असतात. ते विसरलं जाणारच होतं. २०२४ च्या नव्या आवृत्तीनं पार्श्वभूमीतले हे स्वभावाचे तक्ते काढून टाकले आणि इन्स्पिरेशन 'हिरोइक' करून फासा पुन्हा टाकण्यापुरतं ठेवलं. माणूस या जातीच्या पात्राला तर ते रोज झोपून उठल्यावर मिळतं. स्वभावाशी असलेला सांधा तिथे निखळला. मला हे माघार घेणं वाटतं.

साठ्याच्या बाजूनंही पाचवी आवृत्ती सैल आहे. उजेडाचा मंत्र हवा तितक्या वेळा म्हणता येतो, म्हणून मशाल निरर्थक. पहिल्या पातळीच्या एका मंत्रानं दहा फळं मिळतात, एकेक दिवसभर पुरणारं, म्हणून शिधाही निरर्थक. एका रात्रीच्या झोपेत सगळे हिट पॉइंट परत. २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकानं एका दिवसात सहा ते आठ लढती धरल्या होत्या, पण संध्याकाळी तीन तास खेळणाऱ्या टेबलांवर दिवसाला एखादीच मोठी लढत होते, आणि मांत्रिक सगळा दारूगोळा तिथेच उडवतो.

यावर जुन्या भुयाराकडे परत जाणाऱ्या लेखकांनी उत्तर शोधलं. डेव्हिड ब्लॅकच्या 'द ब्लॅक हॅक'नं (२०१६) बाण आणि तेल मोजणं बंद करून वापराचा फासा आणला. वापरल्यावर एक किंवा दोन पडले तर पुढच्या वेळी त्याहून लहान फासा, आणि शेवटी काहीच नाही. स्वीडनच्या 'फॉरबिडन लँड्स'नं (२०१८) अन्न, पाणी, बाण आणि मशाली यांच्यासाठी हीच कल्पना प्रवासाला जोडली. केल्सी डियॉननं 'शॅडोडार्क'मध्ये (२०२३) मशाल खऱ्या घड्याळावर आणली: टेबलावर एक तास उलटला की अंधार. गप्पा रंगल्या तरी मशाल जळतच असते. या मंडळींचं म्हणणं असं की स्वभाव लिहायची गरजच नाही, टंचाई आणा, माणूस आपोआप दिसेल. यात तथ्य आहे, ते मी वर सोन्याच्या नाण्यांबद्दल बोलताना मान्य केलंच आहे. पण टंचाईत दिसतो तो बहुधा खेळाडूचा स्वभाव, पात्राचा नव्हे. सावध खेळाडूची सगळी पात्रं सावध होतात. स्वतःहून वेगळ्या माणसाच्या अंगात शिरण्यासाठीच आपण या टेबलावर बसतो, त्यामुळे एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

२०२५ मध्ये आलेल्या 'डॅगरहार्ट'मध्ये दोन बारा बाजूंचे फासे एकदम पडतात, एक आशेचा, एक भीतीचा. आशेचा मोठा तर खेळाडूकडे आशा जमते, भीतीचा मोठा तर गेम मास्टरकडे भीती. प्रत्येक फाशाबरोबर साठा हलता ठेवण्याची ही युक्ती झकास आहे. खेळाडूनं लिहिलेले 'अनुभव' आशा खर्चून मदतीला घेता येतात. पण ते मदतीलाच येतात. पात्राची खोड त्याला खड्ड्यात घालील, अशी जागा या रचनेत मला फार कमी दिसते.

नव्यानं खेळायला बसणाऱ्यांना मी आज 'ड्रॅगनबेन' सुचवीन. १९८२ पासून स्वीडनमध्ये खेळल्या जाणाऱ्या 'द्राकार ओक देमोनेर'ची २०२३ ची ही आवृत्ती सोपी आहे, पुस्तक लहान आहे. त्यातला एक नियम मला फार आवडतो. फासा फसला तर तो पुन्हा टाकता येतो, पण त्यासाठी पात्रानं एक अवस्था पत्करायची: दमणं, आजारणं, भोवंडणं, रागावणं, घाबरणं किंवा खचणं. कुठली ते खेळाडूनं निवडायचं आणि ती का ओढवली ते तिथल्या तिथे सांगायचं. निवडलेली अवस्था उतरेपर्यंत तिच्याशी जोडलेल्या क्षमतेचे सगळे फासे जड जातात. कुलूप उघडत नाही म्हणून एक जण दर वेळी रागावतो, दुसरी दर वेळी खचते. तीन-चार बैठकांनंतर कोण कसा आहे ते सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं. सोबत पात्राची उणीव लिहिण्याचा ऐच्छिक नियमही आहे: तिच्या आहारी गेलात तर बैठकीच्या शेवटी प्रगतीची एक खूण जास्त. तो ऐच्छिक न ठेवता पहिल्या दिवसापासून लागू करावा.